काशादादा आणि शेवटचं घर

काशादादांना केस काळे करायची हौस होती आणि ते काळे केलेत हे कुणाला कळत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. जव्हारच्या आठवडे बाजारातून ते मेंदीच्या नावाखाली कसलीशी पुडी आणायचे. उन्हात टेकडी चढताना घाम आला की कानशिलावरून एक काळा ओघळ थेट सदऱ्याच्या कॉलरपर्यंत उतरायचा. मी म्हणायचे, "दादा, डोकं गळतंय." ते शांतपणे रुमाल काढायचे. "विचार जास्त झाले ताई. बाहेर येतात."

माझी नात समाजकार्याच्या कॉलेजात आहे. तिला कुणा कार्यकर्त्याविषयी लिहायचं होतं म्हणून मी काशादादांचं सांगायला बसले, तर केसांपाशीच तिनं पेन खाली ठेवलं. "आजी, हे नको. त्यांचं योगदान सांग." योगदान म्हणजे काय ते मला कळलं असतं तर मीही जन्मभर अहवालच लिहिले असते. तिनं दुसरं कुणीतरी शोधलं. मग म्हटलं, आता सुरुवात झालीच आहे तर आपणच लिहावं, केसांसकट.

मी त्यांच्याबरोबर काम सुरू केलं तेव्हा पंचेचाळिशीची होते, म्हणजे आजच्या मानानं पोरगीच. ह्यांचं जव्हारला किराणा मालाचं दुकान, मुलं शिकायला नाशिकला, घर रिकामं आणि डोकं त्याहून रिकामं. गावात एक छोटी संस्था होती. पाड्यांवरच्या लोकांना जमिनीचे, रेशनचे, मजुरीचे हक्क मिळावेत म्हणून ती धडपडायची. तिथं माणसं हवी आहेत असं कळलं. मी बी.ए., मराठी घेऊन. वक्तृत्वात बक्षिसं. मला वाटलं, जव्हार-मोखाड्याचे गोरगरीब इतकी वर्षं बहुधा माझ्याच भाषणासाठी थांबलेत. मी हातमागाच्या दोन साड्या घेतल्या, खांद्याला अडकवायची कापडी पिशवी घेतली आणि ती पिशवी लावून कसं चालायचं याचा माजघरात सरावही केला. ह्यांनी एकदा पाहिलं आणि दुकानात निघून गेले.

संस्थेनं मला काशादादांच्या स्वाधीन केलं. ते मोखाड्याकडचे, कोकणा आदिवासी समाजातले, पन्नाशीचे. पोट थोडं सुटलेलं, पायात टायरच्या चपला. जीपमध्ये पुढची सीट मिळाली नाही तर ते रुसायचे. पत्त्यांत लबाडी करायचे आणि पकडलं की म्हणायचे, "ताई, तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो." असा माणूस मला काय शिकवणार, असं मी त्या पहिल्या दिवशी जीपमध्ये मनातल्या मनात म्हटलेलं मला लख्ख आठवतं.

जामसरच्या पुढे, जीप सोडून बरंच चालल्यावर एक पाडा लागतो. त्याला आपण उंबरपाडा म्हणू. तिथं मी माझं पहिलं भाषण केलं. राज्यघटनेपासून सुरुवात केली, स्त्रीशक्तीवर आले, मध्ये एक कविता घेतली आणि शेवटी आवाज असा काही खाली आणला की कॉलेजात असते तर टाळ्यांनी छप्पर उडालं असतं. समोर बसलेल्या बायका माझ्या साडीचे काठ बघत होत्या. मी थांबले. एका बाईनं काशादादांना त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "ताई म्हनते, घाबरू नका."

एवढंच. मी परतीच्या वाटेवर चिडून विचारलं, "माझ्या सगळ्या भाषणाचं तुम्ही एका वाक्यात भाषांतर केलंत?"

"दुसरं काय होतं त्याच्यात?" ते म्हणाले. मी पुष्कळ आठवून पाहिलं. दुसरं खरंच काही नव्हतं.

त्यांची एक रीत होती. पाड्यावर शिरलं की सरपंचाच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, मग निरोप पाठवून लोक गोळा करायचे, ही आमची सगळ्यांची पद्धत. काशादादा वाटेतल्या सगळ्या घरांना हात करत, कुणाच्या ओट्याला न टेकता, सरळ शेवटच्या घरी जायचे. टेकडीला चिकटलेलं, सगळ्यांत लांबचं, बहुधा कुडाच्या भिंतीचं. तिथं बसून बोलायला सुरुवात करायची आणि मग एकेक घर करत खाली यायचं. सरपंच फुगून बसलेला असायचा. "काय काशा, आज आमी शेवटचे का?"

"तुमच्याकडं बातमी चालत येते सरपंच. वरती तिला चढायाला दम लागतो."

मी विचारलं की ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकलात. ते म्हणाले, "आमचं घर शेवटचं होतं." 

कचेऱ्यांतली त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. एकदा रेशनच्या तक्रारीसाठी आम्ही काही बाया घेऊन एका साहेबांकडे गेलो होतो. कुठले साहेब ते सांगत नाही. आता ते निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील, उगाच त्यांच्या दुपारच्या झोपेत खडा नको. साहेब मला म्हणाले, "या मॅडम, बसा." काशादादांना म्हणाले, "या, बसा." बाया दाराशी उभ्या. मी बसले. साडीला इस्त्री होती, खुर्चीचा मान आपलाच वाटला. काशादादा मात्र साहेबांच्या टेबलाशेजारी, थेट फरशीवर मांडी घालून बसले.

"अहो, हे काय? वर बसा."

"नको साहेब. बरं आहे. गार लागतं."

साहेबांना आता टेबलाच्या कडेवरून फक्त काळेभोर केस दिसत होते आणि त्या केसांशी ते बोलत होते. थोड्या वेळानं त्यांनाच कसंतरी व्हायला लागलं. शिपायाला हाक गेली, बाहेरची बाकं आत आली, बाया बसल्या. मग काशादादा गुडघ्यावर हात देत उठले, कपडे झटकले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "हां. आता बोला गं." आणि स्वतः गप्प. त्या दिवशी जे काही बोलल्या त्या बायाच बोलल्या, अडखळत, एकमेकींना कोपरानं ढोसत. मला मध्ये तोंड घालायची जबरदस्त इच्छा होत होती. काशादादांनी माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरून ठेवला होता, जसा म्हशीचा दोर धरतात.

आता बुधीआजीचं सांगते.

उंबरपाड्याचं शेवटचं घर बुधीआजीचं. पाड्यावर सगळे तिला डोकरी म्हणत, म्हणजे म्हातारी. तिच्या समोर आणि तिच्या परवानगीनं. नवरा गेलेला, मुलगा-सून भिवंडीकडे वीटभट्टीवर, होळीला तेवढे परत यायचे. घरामागं चढावर तिचा एक तुकडा होता. नागली आणि वरई पिकायची त्यात, तीही देवाच्या मर्जीनं. खाली भाताचा एक चांगला तुकडा पूर्वी होता. तो एका व्यापाऱ्यानं, सणासुदीला साखर आणून देत, आई आई म्हणत, गोड बोलून केव्हाच घशात घातला होता. राहिला हा वरचा. तो कागदावर जंगल खात्याचा. सासूच्या काळापासून कसलेला, पण कागदाला सासू माहीत नाही.

वनहक्काचा कायदा आला आणि अशा जमिनींचे दावे सुरू झाले. साहेब लोक जागेवर येऊन बघणार, कसणाऱ्याला विचारणार आणि मग ठरणार. डोकरीचा तुकडा मान्य झाला तर तिच्या नावावर. नाही तर मुलगा एक दिवस भट्टीवरून परतेल, तेव्हा परतायला काही उरलेलं नसेल. हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून तर साहेबाचं नाव काढलं की तिची बोबडी वळायची.

काशादादांचा यावर उपाय ठरलेला. खोटा साहेब उभा करायचा आणि सराव करून घ्यायचा. यापूर्वी ते पाड्यावरच्याच कुणाला तरी साहेब करत. पण तो साहेब दोन प्रश्नांनंतर हसायला लागे, नाही तर "काकी, जरा तंबाखू दे" म्हणे. ह्या वेळी त्यांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तुमी साहेब व्हा. तुमच्यात आहे ते."

मला तो सन्मान वाटला. काय सांगू, मी आधी एकदा तहसीलदारकीची परीक्षा दिली होती आणि त्या परीक्षेनं मला ओळखही दाखवली नव्हती. ती सगळी हौस मी उंबरपाड्यावर भागवून घेतली. ह्यांचा चष्मा आणला, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची मागवली. आवाज माझ्या सासऱ्यांचा घेतला. त्या आवाजापुढं मी उमेदीची वर्षं काढली होती, तो मला तोंडपाठ होता.

"ए डोकरे! कुणाला विचारून कुदळ लावलीस सरकारच्या जागेत?"

पहिल्या खेपेला डोकरी रडायला लागली. काशादादा बाजूला खाटेवर भाजलेला मका खात होते. म्हणाले, "परत."

दुसऱ्या खेपेला ती आत जाऊन दार लावून बसली. "परत," काशादादा दाराला म्हणाले. असं करत करत, अनेक खेपांनंतर, एके दिवशी तिनं कमरेवर हात ठेवले आणि मला असं काही सुनावलं की माझा चष्मा घसरला. पाड्यावरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. काशादादांनी मक्याचं बुरकुंड फेकलं. "बेस. आता साहेब येऊ दे."

साहेब आले. तरुण, नवीन, बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल. डोकरीच्या चढावर येऊन त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, नमस्कार. दमलात का? बसा तुम्ही, मी उभा राहतो."

डोकरीनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. म्हणाली, "तू पी पानी. सावलीत बस. साहेब कवा येल?"

तिला ते ड्रायव्हर वाटले होते.

आम्ही तिला कानात सांगितलं की अगं हेच साहेब. तिनं त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. ते हसले. म्हणाले, "आजी, सावकाश सांगा, घाई नाही." आणि डोकरीचा चेहरा असा मिटला, जसं संध्याकाळी चिंचेचं पान मिटतं. आतापर्यंत तिच्याशी गोड बोललेला एकच बाहेरचा माणूस तिला माहीत होता आणि त्यानं भाताचं शेत नेलं होतं. आमचा सगळा सराव ओरडणाऱ्या साहेबाचा. हळू बोलणाऱ्या साहेबाचं काय करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

साहेबांनी विचारलं, कधीपासून कसता. डोकरी गप्प. काय पिकतं. गप्प. हद्द कुठली. तिनं पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. साहेब खरोखर चांगले होते. त्यांनी बराच वेळ दिला. पण ऊन कलायला लागलं होतं आणि त्यांना पुढचे पाडे होते. शेवटी ते काशादादांना म्हणाले, "त्या काहीच बोलत नाहीत. मी काय लिहू?"

सगळा पाडा काशादादांकडे वळला. "दादा, तुमी सांगा ना. तुमाला सगळा माहीत आहा." त्यांना खरंच सगळं माहीत होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी त्यांचा सदरा ओढला. कानशिलावरून काळा ओघळ उतरत होता आणि त्यांनी तो पुसला नाही, म्हणजे तेही घाबरले होते.

"नाय," ते मला हळूच म्हणाले. "मी बोललो तर जागा माझ्या तोंडावर उभी राहील. उद्या परत कोनी आला नि मी नसलो तर?"

"उद्याचं उद्या. आज जाते आहे ना तिची जागा."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ताई, ओरडा."

"इथे? साहेबांसमोर?"

"साहेबांसमोरच."

 चष्मा घरी राहिला होता. मी डोळे मिटले, सासऱ्यांचं स्मरण केलं आणि ओरडले, "ए डोकरे! कुणाला विचारून कुदळ लावलीस सरकारच्या जागेत?"

साहेबांच्या हातातलं पेन पडलं.

डोकरीचा पदर मागे गेला. "कोनाला इचारू? माझे सासूला इचारला. ती म्हनली, लाव. तवा तुझा सरकार कठं होता?" ती उभी राहिली. "ह्यो बांध कोनी रचला? ही दगडां खालचे ओहळातून कोनी आनली? माझे नवऱ्यानं नि मी. दगडां काय आपले पायानं चढली?" मी आणखी एक प्रश्न टाकला, तिनं त्याचेही तुकडे केले. मग ती चालायलाच लागली, चढावर, तुरुतुरु, आणि साहेब तिच्या मागे. इथं नवऱ्याला साप चावला होता. हा आंबा सासूनं लावला. तो पलीकडचा दगड म्हणजे हद्द. एका कोपऱ्यात ती थांबली. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण घालून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. दर वर्षी ती त्याच कोपऱ्यात राब भाजायची, तिच्या आधी सासू भाजायची. तिनं विळ्यानं माती उकरली. वर काळी, खाली काळी, हात आत जाईतो काळी. बाजूची माती तांबडी.

साहेब बांधावर बसले आणि लिहू लागले. डोकरी अजून माझ्याशीच भांडत होती. मला साहेबपण सोडता येईना आणि तिला राग आवरता येईना.

खाली उतरताना साहेबांनी अगदी अदबीनं मला विचारलं, "मॅडम, आपण कोण?"

मला संस्थेचं नावच आठवेना. काशादादा म्हणाले, "त्या आमच्या साहेब आहेत. तुमच्याआधीच्या."

मधे पुष्कळ काळ गेला. असल्या गोष्टींना लागतो तो. पण पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, आला आणि तो डोकरीच्या नावावर आला. पुढे मुंबईहून संस्थेला मदत देणारी काही मंडळी आली. हॉटेलातल्या बैठकीत त्यांनी काशादादांना विचारलं की तुमच्या कामाचा परिणाम काय सांगाल. काशादादा जेवणानंतरच्या बैठकांत उघड्या डोळ्यांनी झोपायचे, ते जागे झाले. म्हणाले, "डोकरी आमच्या ताईंना शिव्या देते." मंडळींनी ते लिहून घेतलं की नाही, कोण जाणे.

काशादादा गेल्या पावसाळ्यात गेले. त्याआधीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्यांना बरं नव्हतं, पाय सुजायचे, केस रंगवणं बंद झालं होतं आणि पांढऱ्या केसांत ते कुणा भल्या गृहस्थासारखे दिसायला लागले होते. मला म्हणाले, "ताई, उंबरपाड्यावर जाऊन येऊ." माझे गुडघे म्हणत होते नको. पण ते जीपमध्ये मागच्या सीटवर, न रुसता, बसलेले पाहिले आणि मीही बसले.

आता जीप थेट पाड्यापर्यंत जायची. पाड्यावर शिरल्यावर ते नेहमीसारखे वर निघाले. वाटेत दोनदा टेकले. सरपंच बदलला होता. नव्या सरपंचीणबाईंनी ओट्यावरून हाक मारली, काशादादांनी हात केला.

डोकरी तिच्या तुकड्यात होती. नागली कापून झाली होती, कणसांची रास एका बाजूला, आणि ती मधल्या सपाट जागेवर मळणीसाठी खळं सारवत होती. वाकून, शेणाचा हात गोल फिरवत, एकेक पट्टा. काशादादा बांधापाशी थांबले.

"आजी, येऊ का?"

"कोन?" तिनं मान वर केली नाही.

"काशा."

"चपला काढ," ती म्हणाली. "नि थांब तिकडंच. शेन ओला आहा. माझा खळा झाला का सांगते."

काशादादांनी चपला काढल्या. मी बांधावरचा एक दगड पदरानं झटकला आणि म्हटलं, "दादा, बसा इथं. तिला अजून वेळ आहे."

"नको," ते म्हणाले. "थांब म्हनली ना."

डोकरी काही घाई करत नव्हती. एक पट्टा झाला की मागे सरून बघायची, मग दुसरा. खालून जीपवाल्यानं हॉर्न दिला. काशादादांनी न वळताच, त्याला गप्प बस म्हणून हात केला आणि चपला छातीशी धरून, सुजलेल्या पायांवर, बांधाच्या बाहेर तसेच उभे राहिले, डोकरी कधी बोलावते त्याची वाट बघत.